जलनगरीची पेठ आणि कोरड्या नदीचा बाजार
(म्हसवडच्या निमित्ताने एक तौलनिक विचार)

बाजारगाव कशामुळे वसते, या प्रश्नास सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे की, जेथे पाणी तेथे वस्ती आणि जेथे वस्ती तेथे बाजार. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातून सांगलीच्या आटपाडीकडे जाणाऱ्या प्रवाशास म्हसवड येथे जे दृश्य दिसते, ते या उत्तराने उलगडत नाही. गाव माणगंगेच्या काठी आहे, सिद्धनाथाचे प्राचीन देवालय नदीलगत आहे, आणि वर्षातील बराच काळ नदीत वाहते पाणी नसे, ही गोष्ट जुन्या पिढीतील कोणीही सांगेल. तरीही हे गाव तालुक्याचे मुख्य ठाणे असलेल्या दहिवडीहून मोठे झाले, आणि माणदेशाच्या पूर्व भागातील खेड्यांचा देवघेवीचा व्यवहार पिढ्यान् पिढ्या येथेच होत आला. पाण्यावाचून बाजार कसा टिकला, हे समजून घ्यावयाचे असेल, तर जेथे पाणी विपुल आहे अशा एखाद्या बाजारगावाशी त्याची तुलना करणे उपयुक्त ठरते. अशा तुलनेस चीनमधील यांगत्से नदीच्या मुखाजवळची जलनगरे फार सोयीची आहेत. क्षेत्रभेटीस निघणाऱ्या विद्यार्थ्याने म्हसवडची पेठ पाहताना कोणते प्रश्न मनात बाळगावेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. जलनगराची रचना

यांगत्सेच्या दक्षिणेस, ताइ सरोवराभोवती पसरलेला सपाट व सखल प्रदेश ‘च्यांगनान’, म्हणजे ‘नदीच्या दक्षिणेचा मुलूख’, या नावाने ओळखला जातो. झोउझुआंग, तोंगली, वूझेन, नानशुन, शीतांग, झूजियाजिआओ ही तेथील प्रसिद्ध जलनगरे. यांपैकी ‘वूझेन’ या नावाच्या अखेरीस असलेला ‘झेन’ हा शब्द बाजारगावाचाच वाचक आहे. आपल्याकडे गावाच्या नावास ‘पेठ’ किंवा ‘कसबा’ हा शब्द लागतो, तशातलाच हा प्रकार.

या गावांची रचना एका सूत्रात सांगता येते. दुकानाचे तोंड रस्त्याकडे आणि पाठ कालव्याकडे. गिऱ्हाईक पुढच्या दाराने येते, माल मागच्या दाराने येतो. कालव्याच्या काठास दगडी पायऱ्या असतात. त्यांवर होडी लागते, तांदळाची पोती उतरतात, रेशमाची गाठोडी चढतात, आणि त्याच पायऱ्यांवर घरची भांडीही घासली जातात. रस्ता अरुंद असतो, कारण त्यावरून फक्त माणसे चालावयाची असतात. ओझे वाहण्याचे काम पाण्याने पत्करलेले असते. शीतांग येथे काठालगतच्या रस्त्यावर लांबच लांब छपरी उभारलेली आहे, त्यामुळे पावसातही खरेदीस खंड पडत नाही. पूल उंच कमानीचे असतात, कारण खालून होड्या जावयाच्या असतात. झूजियाजिआओ येथील पाच कमानींचा फांगशेंग पूल १५७१ मधला आहे. पूल, पायरी आणि पेठ ही तीन अंगे एकाच गरजेतून निर्माण झालेली आहेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही समृद्धी केवळ पावसाची नव्हे. त्या भागात वर्षाकाठी सुमारे अकराशे ते बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणात त्याच्या दुपटीहून अधिक पडतो. पण कोकणात असे कालव्यांचे जाळे निर्माण झाले नाही. तेथे उतार तीव्र आहे आणि पाणी समुद्राकडे धावते. राजापूर व चिपळूण यांसारखी खाडीच्या शिरोभागी वसलेली गावे हीच आपल्या प्रदेशातील जलनगरांची जवळची नातलग म्हणता येतील. भरतीबरोबर येणारा माल तेथे उतरे आणि तेथून तो बैलांच्या पाठीवर घाट चढे. च्यांगनानमध्ये सपाट भूमी होती, आणि त्या भूमीत शतकानुशतके कालवे खणणारी, त्यांतील गाळ उपसणारी व तोच गाळ शेतात टाकणारी माणसे होती. जलमार्ग ही निसर्गाची देणगी कमी आणि श्रमाची निर्मिती अधिक, हे ध्यानी ठेवावयास हवे.

२. फिरते दुकान आणि फिरती होडी

आता माणदेशाकडे वळू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकास माण तालुक्यात तो पाचशेच्या आत-बाहेर असतो, आणि तोही लहरी. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात; पूर्वेस उरते ती पर्जन्यछाया. माणगंगा ही सह्याद्रीच्या मुख्य रांगेत न उगवता माण तालुक्यातीलच डोंगरात उगम पावते, म्हणून पश्चिमेकडील पावसाचा तिला वाटा मिळत नाही. दहिवडी, म्हसवड असे करीत आणि आटपाडी व सांगोला तालुक्यांतून वाहत ती पुढे भीमेस मिळते. तिच्या पात्रात पाणी नसले तरी वाळूखाली ओल असे. वाळू उकरून झरा काढावा, वाटीवाटीने घागर भरावी, ही तेथील स्त्रियांची शतकांची चाल होती. नदी वाहात नसतानाही गाव नदीकाठीच राहिले, त्याचे हे एक कारण.

अशा भूमीत बाजरी, मटकी, हुलगा यांसारखी कोरडवाहू पिके येतात. पीक थोडे, म्हणून वस्ती विरळ; वस्ती विरळ, म्हणून रोज दुकान उघडून बसणाऱ्या व्यापाऱ्यास पुरेसे गिऱ्हाईक नाही. यावर दक्षिणेतील समाजाने शोधलेला उपाय म्हणजे आठवड्याचा बाजार. सात गावांचे सात दिवस ठरलेले असतात. व्यापारी आपले पाल आज एका गावी ठोकतो, उद्या दुसऱ्या गावी. एका गावची मागणी त्यास पुरत नाही. सात गावांची मिळून पुरते. शेतकऱ्यासही आठवड्यातून एकदाच कामाचा खाडा करावा लागतो, आणि त्या एका खेपेत तो धान्य विकतो, तेल-मीठ घेतो, लोहाराकडून फाळ शेवटून आणतो, सोयरिकीची बोलणी करतो.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विल्यम स्किनर यांनी चीनमधील ग्रामीण बाजारांवर १९६४-६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत याच व्यवस्थेचे विवेचन केले आहे. सेचुआन प्रांतात दहा दिवसांच्या आवर्तनात तीनदा बाजार भरे, आणि शेजारच्या गावांचे दिवस एकमेकांस छेद देणार नाहीत असे बांधलेले असत. शेतकऱ्याचे खरे सामाजिक विश्व त्याचे खेडे नसून त्याचे बाजारक्षेत्र होय, असा त्यांचा सिद्धान्त होता. सुमारे अठरा खेडी, दीड हजार कुटुंबे आणि पन्नास चौरस किलोमीटर मुलूख, असे अशा क्षेत्राचे सर्वसाधारण प्रमाण त्यांनी दिले. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी जवळजवळ त्याच काळात या दिशेने काम केले. जयंत रणदिवे यांच्यासह त्यांनी केलेला फलटण व त्याच्या परिसराचा अभ्यास १९६५ मध्ये, आणि हेमलता आचार्य यांच्यासह केलेला आठवडी बाजारांचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. फलटण हे माणचे शेजारी; म्हणून म्हसवडच्या अभ्यासकास हे दोन्ही ग्रंथ मार्गदर्शक ठरतात.

च्यांगनानमध्ये मात्र वेगळे घडले. फेइ श्याओतोंग यांनी १९३६ मध्ये ताइ सरोवराच्या आग्नेयेस असलेल्या कायश्यानकोंग या खेड्याची पाहणी केली. तीवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्यस्थाच्या होडीचे जे वर्णन आहे, ते बाजाराच्या अभ्यासकाने अवश्य वाचावे. रोज सकाळी ही होडी खेड्यातील ओढ्यांतून फिरे. लोक आपापल्या दारातून मागणी सांगत: इतके तेल, इतके मीठ, अमुक दुकानाचे अमुक. होडी शहरात जाई, दुकानदारांकडून माल घेई आणि दुपारनंतर परते. गिऱ्हाइकाकडून नावाडी काही घेत नसे. त्याची प्राप्ती शहरातील दुकानांकडून, तसेच खेड्यातील रेशीम व तांदूळ विकून देण्याच्या दलालीतून होई. परिणामी खेड्यात दुकाने नाममात्र राहिली आणि शहरातील पेठ बारमाही झाली.

या दोन चित्रांवरून जो नियम हाती येतो तो असा. विकणारा आणि घेणारा यांच्यामधले अंतर कोणास तरी तोडावेच लागते. ते कोणी तोडावयाचे, हे वाहतुकीचा खर्च ठरवितो. जेथे होडी स्वस्त आहे तेथे दुकान एका जागी थांबते आणि होडी फिरते. जेथे बैलावाचून गती नाही तेथे दुकानच पाठीवर घेऊन फिरावे लागते. जलनगराची दगडी, देखणी, कायम पेठ आणि माणदेशातील सायंकाळी उठून जाणारी पाले ही प्रगती व मागासलेपण यांची उदाहरणे नव्हेत. एकाच प्रश्नाची दोन वेगवेगळ्या भूमींनी दिलेली ती दोन उत्तरे आहेत.

३. पाण्याऐवजी काय?

जलनगरास कालव्याने जे दिले ते म्हसवडास कशाने दिले, हा पुढचा प्रश्न. माझ्या मते त्याची तीन उत्तरे संभवतात: वाट, वतन आणि दैवत.

साताऱ्याहून पंढरपुरास जाणारी वाट दहिवडीवरून म्हसवडास येते व पुढे पिलीवकडे वळते. वारकरी, लमाणांचे तांडे आणि फौजा या तिन्हींचा राबता अशा वाटांवर असे. वतन माने घराण्याचे. संताजी घोरपडे यांच्या १६९७ मधील शेवटाशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते नागोजी माने म्हसवडचेच. बळकट देशमुखीच्या आश्रयास व्यापारी येऊन राहतो, हे दक्षिणेतील अनेक कसब्यांच्या इतिहासात दिसते.

तिसरे व सर्वांत टिकाऊ बळ दैवताचे. सिद्धनाथ व जोगेश्वरी हे माणदेशातील असंख्य कुटुंबांचे, विशेषतः धनगरांचे, कुलदैवत. दिवाळी पाडव्यास घटस्थापना, तुळशीच्या लग्नाच्या वेळी देवाचे लग्न आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस रथोत्सव, असा हा क्रम. हा काळ शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहावा. बाजरी घरात आलेली असते, हाती चार पैसे असतात, पाऊस थांबलेला असतो. मेंढरे घेऊन दूर जाणारा धनगर आणि ऊसतोडीस निघणारा मजूर यांच्या स्थलांतराचाही हाच हंगाम. पांगण्याच्या सुमारास एकत्र येणे, देणी-घेणी फेडणे, वर्षाचा माल खरेदी करणे, यांस याहून सोयीची तिथी कोणती? पुढे पौषात आटपाडी तालुक्यातील खरसुंडी येथे याच दैवताची यात्रा भरते आणि तेथे खिलार जनावरांचा मोठा बाजार होतो. आठवड्याचा बाजार रोजच्या गरजा भागवितो, यात्रेचा बाजार वर्षाच्या गरजा भागवितो. दोन्ही मिळून जी साखळी होते, ती या मुलखाची खरी पेठ.

या पेठेतील मालही कोरड्या भूमीनेच घडविलेला आहे. खिलार बैलाच्या एका प्रकारास ‘म्हसवड खिलार’ असेच नाव आहे. चपळ, काटक, थोड्या चाऱ्यावर राहणारे हे जनावर. दुसरा माल घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर कातरावयाची, सूत काढावयाचे, खड्ड्याच्या मागावर पट्टी विणावयाची आणि चिंचोक्याची खळ देऊन ती ताठ करावयाची. नानशुनच्या रेशमाने जे त्या जलनगरासाठी केले, ते अल्प प्रमाणात घोंगडीने माणदेशासाठी केले. घरात स्त्रियांच्या हाताने सिद्ध होणारा आणि वजनाच्या मानाने किंमत राखणारा माल दूरच्या बाजारात नेणे परवडते. रेशीम तलम आणि घोंगडी जाडीभरडी, हा भेद स्पष्टच आहे. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोघींचे कार्य एकच.

४. उधारीचा प्रवाह

बाजार पाण्यावर किंवा वाटेवर उभा राहतो, पण तो चालतो पतीवर. ही गोष्ट जलनगराच्याच एका सुपुत्राने सर्वांत स्पष्टपणे मांडली. वूझेन येथे १८९६ मध्ये जन्मलेल्या माओ दुन यांनी १९३२ मध्ये लिहिलेल्या ‘लिन यांचे दुकान’ या कथेत अशाच एका बाजारगावातील दुकानदाराचे दिवाळे दाखविले आहे. शेतकरी उधारीवर घेतो, दुकानदार शांघायच्या घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर आणतो, आणि पेढी दोघांच्या मध्ये उभी असते. शांघायमध्ये युद्ध भडकताच साखळीची एक कडी तुटते आणि शेवटचा घाव दुकानात ठेव ठेवलेल्या दुबळ्या विधवांवर पडतो. कालवे भरलेले होते. बाजार मात्र आटला.

माणदेशात आटण्याचा क्रम उलटा असे. आधी पाणी, मग पत. पाऊस गेला की जनावर विकले जाई, नंतर भांडे, नंतर जमीन सावकाराकडे जाई. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ मध्ये झालेल्या शेतकऱ्यांच्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याच्या चार जिल्ह्यांत साताराही होता. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीचा शेवट दुष्काळाने ओस पडलेल्या वाडीवर होतो. लिन यांच्या दुकानास कुलूप लागते आणि बनगरवाडीत घरांना. या दोन चित्रांत त्या दोन प्रदेशांच्या अर्थव्यवस्थेचा सारा फरक सामावलेला आहे.

दोन्हीकडे या संकटातून मार्ग काढण्याचा प्रयत्न सहकाराने झाला आणि त्याचा केंद्रबिंदू स्त्री होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. कायश्यानकोंग येथे १९२९ मध्ये रेशीम काढण्याचा सहकारी कारखाना निघाला. फेइ यांची भगिनी फेइ दाशेंग यांचा त्यात पुढाकार होता. सुताची प्रत सुधारली. परंतु घरी रेशीम काढणाऱ्या अनेक स्त्रियांच्या हातचे काम गेले, हेही फेइ यांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे. म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. सभासद स्त्रिया निरक्षर आहेत या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला; तेव्हा त्या स्त्रियांनी अक्षरे गिरविली, आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवितो, असे त्यांनी अधिकाऱ्यांस सांगितले. बाजारात पाल मांडून बसणाऱ्या स्त्रीची गरज सकाळी भांडवल आणि सायंकाळी परतफेड अशी असते. ही गरज सावकारास नेमकी ठाऊक होती. पतपेढ्यांच्या नियमांस ती ठाऊक नव्हती. आठवडी बाजाराचे आवर्तन ध्यानी घेऊन कर्जाची रचना करणे, हा या बँकेच्या कार्यातील अभ्यसनीय भाग होय. पुढे २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवड येथे उघडलेल्या चारा छावणीत जनावरांबरोबर माणसेही येऊन राहिली. जनावर वाचले, म्हणजे बाजारातील पत वाचली.

५. पाहण्याचे गाव आणि राहण्याचे गाव

आज जलनगरे नष्ट झालेली नाहीत. पण त्यांचा अर्थ पालटला आहे. रस्ते आले, मोटारी आल्या आणि होडीचे काम संपले. १९८४ मध्ये चेन यिफेइ या चित्रकाराने झोउझुआंगच्या जोडपुलाचे चित्र काढले. अमेरिकन उद्योगपती आर्मंड हॅमर यांनी ते विकत घेऊन देंग श्याओपिंग यांस भेट दिले, आणि त्या गावाची कीर्ती जगभर झाली. आता तेथे प्रवेशास तिकीट आहे. वूझेनच्या पश्चिम भागातील रहिवाशांस अन्यत्र हलवून तो भाग प्रवाशांसाठी नव्याने सजविण्यात आला. दगड जतन झाले, कालवे स्वच्छ झाले; या कार्याचे मोल कमी लेखू नये. परंतु ज्या पायरीवर तांदूळ उतरत असे तेथे आता प्रवासी चढतात, आणि ज्या दुकानात खेड्याच्या गरजा विकल्या जात तेथे आठवणी विकल्या जातात. पेठ शाबूत आहे. तिचे बाजारक्षेत्र नाहीसे झाले आहे.

म्हसवडची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. येथील पेठेचे चित्र काढावयास कोणी येत नाही. पण भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरून माणसे आजही खरेदीविक्रीसाठीच येतात. बदल येत आहे तो पाण्याच्या मार्गाने. १८७६-७८ च्या महादुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेला माणगंगेवरील राजेवाडीचा तलाव सरकारी दप्तरात ‘म्हसवड तलाव’ म्हणून नोंदला गेला, पण त्याचे कालवे खाली सोलापूर जिल्ह्याकडे गेले. नाव म्हसवडचे आणि भिजणारी शेते दुसऱ्यांची, अशी ही स्थिती. अलीकडच्या काळात उरमोडी, जिहे-कठापूर आणि टेंभू या योजनांनी कृष्णा खोऱ्याचे पाणी माण, खटाव, आटपाडी, सांगोला या तालुक्यांकडे वळविले आहे. ज्या नदीत वाळू उकरावी लागे, तिच्यात आता उपशाचे पाणी सोडले जाते.

या पाण्याने शेतकऱ्याचे कष्ट हलके होतील, याविषयी दुमत नसावे. पण बाजाराच्या अभ्यासकाने पुढील प्रश्न विचारले पाहिजेत. बाजरीच्या जागी ऊस आला, म्हणजे शेतकऱ्याचा मुख्य व्यवहार बाजाराशी न राहता कारखान्याशी होईल काय? पेरा वाढून गायराने आटली, म्हणजे मेंढी व घोंगडी यांचे काय होईल? बैलाचे काम यंत्राने घेतले, म्हणजे खरसुंडीच्या बाजारात उरणारे खिलार शेतीसाठी असेल की केवळ हौसेसाठी? आणि आठवड्यातून एकदा भेटणारी अठरापगड माणसे रोज उघड्या असणाऱ्या दुकानांतून एकेकटी खरेदी करू लागली, म्हणजे सोयरिकी, तंटे आणि तडजोडी यांची ती सभा कोठे भरेल?

या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांतून मिळावयाची नाहीत. विद्यार्थ्याने म्हसवडास जावे ते बाजाराच्या दिवशी, आणि उजाडण्यापूर्वी. पहिले पाल कोण ठोकते, त्याने कालचा दिवस कोठे काढला, उद्या तो कोठे जाणार, त्याचे भांडवल कोणाचे, आणि त्याच्यापुढे बसलेली बाई किती कोस चालून किंवा कोणत्या गाडीने आली, एवढे पाच प्रश्न त्याने विचारावेत व उत्तरे नकाशावर मांडावीत. नंतर एक दिवस बाजार नसताना त्याच जागी जावे. रिकाम्या मैदानावर खुंट्यांची भोके तेवढी दिसतील. च्यांगनानच्या पेठेने आपला इतिहास दगडात लिहून ठेवला आहे, तो कोणासही वाचता येतो. माणदेशाच्या पेठेचा इतिहास या भोकांत आणि माणसांच्या स्मरणात आहे. आणि ती माणसे आहेत तोवरच तो लिहून घेता येईल.